वाट्याचा भाव : साजगावच्या जत्रेतले उपयोजित अर्थशास्त्र

साजगावच्या जत्रेत सुकट घ्यायला गेलेल्या बाईने भाव विचारला, तर उत्तर किलोत येईलच असे नाही. विक्रेतीने गोणपाटावर सुकटीचे, जवळ्याचे, करंदीचे छोटे छोटे ढीग मांडलेले असतात. एक ढीग म्हणजे एक वाटा, आणि वाट्याला अमुक रुपये. समजा, गेल्या वर्षी वाटा पन्नासाला होता आणि यंदाही पन्नासालाच आहे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातला मुलगा वहीत लिहील, 'भाव स्थिर'. बाई मात्र ढिगाकडे बघते आणि म्हणते, "वाटा केवढासा लावलायस गं!" महागाई दोघांपैकी कोणाला दिसली, हे सांगायला पदवी लागत नाही. ती नेमकी किती झाली, ढीग लहान होण्याचे कारण समुद्रात आहे की बाजारात, आणि पुढच्या वर्षी काय होईल, हे सांगायला मात्र शास्त्र लागते. त्या शास्त्राला उपयोजित अर्थशास्त्र म्हणतात. या विषयात दोन वर्षांची पदवी घेणाऱ्याने नेमके काय शिकायचे असते, ते साजगावच्या जत्रेच्या आधाराने इथे मांडतो.

'उपयोजित' या शब्दाने थोडा घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, आधी शुद्ध सिद्धांत शिकायचा आणि मग तो भिंतीला रंग द्यावा तसा कुठेतरी चोपडायचा. पुष्कळ प्रबंध असेच होतात. संगणकावर एक तंत्र शिकलेले असते, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून आकडे उतरवलेले असतात, दोन्हींची गाठ घातली की चौथे सत्र संपते. या प्रबंधांत चूक काही नसते. फक्त प्रश्न कोणाचा होता, ते कळत नाही. माझ्या मते उपयोजनाची दिशा उलटी हवी. प्रश्न जागेवरून उचलायचा आणि त्याला लागेल ते हत्यार पुस्तकातून आणायचे. हत्यार मिळाले नाही, तर तसे लिहायचे. सिद्धांताची कसोटी तिथेच लागते.

साजगाव हे खालापूर तालुक्यातले, खोपोलीला चिकटलेले गाव. शेजारच्या ताकईला विठोबाचे देऊळ आहे. कार्तिकी एकादशीला तिथे जत्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. पंचक्रोशी तिला धाकटी पंढरी मानते आणि देवाला लाडाने बोंबल्या विठोबा म्हणते, कारण जत्रेचा मुख्य माल सुकी मासळी. तुळशीमाळेच्या देवाच्या दारात, तेही एकादशीच्या मुहूर्तावर, बोंबलांचे ढीग लागावेत याचे परक्याला हसू येते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र इथे थांबून पहिला प्रश्न विचारावा : हाच माल का, इथेच का आणि याच दिवसांत का?

'याच दिवसांत'चे उत्तर पंचांगात आहे. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो. ज्या घरांत चार महिने मासळी वर्ज्य, तिथे ती पुन्हा शिजू लागते. हळवे भात कापून झालेले असते आणि शेतकऱ्याच्या हातात थोडा पैसा खुळखुळतो. तिकडे किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बंदी उठल्यावरही पाऊस असेतो वाळवण होत नाही. ऊन पडले की बोंबील वलांडीवर चढतात. म्हणजे घेणाऱ्याचा पैसा आणि विकणाऱ्याचा माल एकाच महिन्यात तयार होतो. आगोटीची मोठी बेगमी मे महिन्यात होते, हे खरे. पण ती पावसाळ्यासाठीची साठवण. कार्तिकातली खरेदी चार महिन्यांच्या खंडानंतरची असते. एकाच मासळीच्या या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि वर्षाची सरासरी काढणारा त्यांना एकच समजून चुकतो.

'इथेच'चे उत्तर बोरघाटात आहे. घाटाच्या पायथ्याशी कोकणचा माल आणि देशावरचा माल एकमेकांना भेटतो. खालून मासळी, मीठ, तांदूळ. वरून मिरची, कांदा, लसूण, घोंगडी. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली उद्योगांच्या स्थानाचा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा, की प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन फार घटते त्याची प्रक्रिया उगमाशीच करावी, कारण वाया जाणारे वजन वाहून नेण्यात कोणाचे भले नाही. ताज्या बोंबलाचे बहुतेक वजन पाण्याचेच असते. ते पाणी किनाऱ्यावरच उन्हाला देऊन टाकले की उरलेला काटकुळा बोंबील बैलाच्या पाठीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून घाट चढू शकतो. कोळणीने वेबर वाचलेला नसतो, त्यानेही तिला पाहिलेले नव्हते. दोघे एकाच हिशेबाला पोचले.

जत्रेच्या मुळाशी सांगतात ती कथाही व्यापाराचीच. तुकाराम महाराज मिरची विकायला कोकणात उतरले. भोळेपणाने त्यांनी माल उधार दिला, लोकांनी पैसे थकवले आणि विठोबाने माणसाच्या रूपात येऊन ती उधारी वसूल केली. भाविकाला यात देवाची माया दिसते. मला त्यात बाजाराचा सगळ्यात जुना पेच दिसतो. घाटावरचा माणूस कोकणात माल उधार देऊन परत गेला, तर वसुली कोण करणार? कोर्ट लांब आणि सावकार महाग. मग साक्षी देवच. ज्या जत्रेला दोन्ही बाजूंचे लोक दर वर्षी हटकून येतात, तिथे थकबाकीदाराला तोंड लपवता येत नाही. परस्परांवर विश्वास ठेवण्याची व्यवस्था म्हणून जत्रेचा अभ्यास करता येतो, आणि अर्थशास्त्रात आज संस्थांचा जो विचार चालतो त्याला ही कथा अगदी परकी नाही.

यापुढे खरी अडचण. आगगाडी १८५६ साली खोपोलीला पोचली तेव्हा वर घाट होता. उतारू पालखीने, तट्टूवरून नाहीतर गाडीतून खंडाळ्याला चढत. १८६३ साली घाटातली लोहमार्गाची वाट खुली झाली. २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू आहे आणि अलिबागची मासळी पुण्याला काही तासांत पोचते. वाहतूक स्वस्त झाली की ठरावीक मुदतीने भरणारे बाजार ओसरतात आणि त्यांची जागा कायमची दुकाने घेतात, असे बाजारभूगोलाचे शास्त्र सांगते. मग ही जत्रा का टिकली? पाळणे, खाजा, खेळणी आणि देवदर्शन यांनी टिकवली, हे अर्धे उत्तर. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली दाखवले की भावाची माहिती मिळवायलाही खर्च येतो, आणि तो खर्च वाचवणे हे बाजाराचे एक काम आहे. शंभर विक्रेत्या एका रांगेत बसल्या, तर दहा जणींना भाव विचारायला पाच मिनिटे पुरतात. खोपोलीच्या एखाद्या दुकानात ती सोय नाही. वाहतुकीचा खर्च घटला तरी शोधण्याचा खर्च उरला. माझा हा तर्क खरा असेल, तर ज्या मालाची प्रत फार बदलती असते तो माल जत्रेत टिकेल आणि पाकीटबंद, एकसारखा माल आधी नाहीसा होईल. हे तपासून पाहता येते. तपासता येत नाही असा तर्क प्रबंधात घालू नये.

प्रतीविषयी थोडे थांबून बोलायला हवे. माझी आजी बोंबील घेताना एक उचलून वाकवायची. कडकन मोडला तर सुका. नुसता वळला तर ओलसर, म्हणजे वजनाला जड आणि डब्यात महिनाभराने बुरशी धरणारा. सुकटीची चिमूट ती तळहातावर चोळून झटकायची; वाळू असेल तर हाताला लागते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत अशा ठिकाणी वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, प्रसंगी बाजारच मोडतो. साजगावचा बाजार मोडला नाही, कारण वाकवणे आणि चोळणे या दोन फुकटच्या कसोट्या आजीच्या हातात होत्या. अ‍ॅकरलॉफचा सिद्धांत वर्गात शिकताना ही बाजू निसटते. माहितीची विषमता असतेच, पण ती कमी करण्याच्या लोकांच्या युक्त्याही तितक्याच जुन्या आहेत.

जत्रेत बैलही विकले जातात, आणि त्यांच्या बाबतीत युक्त्या इतक्या सोप्या नाहीत. दात मोजता येतात, चाल पाहता येते, पण बैल नांगराला मारका आहे की गरीब, ते घरी नेल्यावरच कळते. म्हणून बैलबाजारात दलाल आला. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवायची जुनी रीतही तिथलीच. मासळीबाजारात भाव ओरडून सांगायचा आणि बैलबाजारात लपवायचा, हा फरक नुसता रिवाजाचा नव्हे. गेल्या दहा-बारा वर्षांत बैलांच्या किमतीवर कायद्याचे एकामागून एक धक्के बसले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, २०१५ साली राज्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. पहिल्या निर्णयाने धावत्या खोंडाची किंमत हलायला हवी, दुसऱ्याने थकलेल्या भाकड बैलाची. ओढकामाच्या मध्यमवयीन बैलावर दोन्हींचा परिणाम कमी. तीन प्रकारच्या बैलांच्या किमती या चार तारखांच्या मागेपुढे तुलनेला ठेवल्या, तर कायद्याचा परिणाम इतर कारणांपासून बऱ्यापैकी वेगळा काढता येतो. अर्थमितीच्या पेपरात 'फरकांतला फरक' म्हणून जे शिकवतात ते हेच. दलालांच्या जुन्या वह्या मिळाल्या तर प्रबंध उभा राहतो.

आता वाट्याकडे परत येतो, कारण अर्थमितीचा सर्वांत कठीण धडा तिथे आहे. समजा, विद्यार्थ्याने तराजू घेऊन पंधरा दिवस वाटे तोलले आणि किलोमागे खरा भाव काढला. सोबत रोज किती माल खपला तेही लिहिले. आता भाव आणि खप यांचा आलेख काढला की मागणीची रेषा मिळाली, असे त्याला वाटेल. ती मिळत नाही. एकादशीला गर्दी असते म्हणून भावही चढतो आणि खपही. आलेखावरून मग भाव वाढला की लोक जास्त घेतात, असा वेडगळ निष्कर्ष निघेल. मागणी आणि पुरवठा दोन्ही एकदम हलत असताना नुसत्या भाव-खपावरून दोघांना वेगळे करता येत नाही. पुरवठा हलवणारे पण गिऱ्हाइकाच्या इच्छेला न शिवणारे असे काहीतरी बाहेरचे हवे. ही कल्पना १९२८ साली फिलिप राईट यांच्या पुस्तकाच्या परिशिष्टात प्रथम आली आणि त्यांच्या उदाहरणांत जवस होते. आपण ज्याची चटणी करतो तेच.

पुढे याच कल्पनेचे सर्वांत गाजलेले उदाहरण मासळीबाजारातूनच आले. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजारात कॅथरिन ग्रॅडी यांनी पहाटे उभे राहून एका व्यापाऱ्याचे सौदे टिपले. समुद्रावर वादळ झाले की पुरवठा घटतो, पण वादळामुळे शहरातल्या माणसाची भूक बदलत नाही. म्हणून लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग वापरून मागणीची रेषा काढता आली. त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट उघडी पडली. एकच व्यापारी एकच मासळी आशियाई वंशाच्या खरेदीदारांना गोऱ्यांपेक्षा सुमारे सात टक्के स्वस्त देत होता, कारण ते घासाघीस जास्त करत आणि महाग माल नाकारत. भरलेल्या बाजारात सगळ्यांना एकच भाव मिळतो हे पाठ्यपुस्तकी वाक्य त्या पहाटे तिथे टिकले नाही.

साजगावला ही पद्धत जशीच्या तशी लावली तर फसेल. कालचे वादळ आज बाजारात येणाऱ्या ताज्या मासळीचा पुरवठा कमी करते. सुका बोंबील महिनाभर आधी पकडलेला असतो आणि विक्रेतीला तो भाव पडला तर परत नेता येतो. म्हणून इथे कालचे वादळ पाहून उपयोग नाही. ऑक्टोबरात किनाऱ्यावर अवकाळी पाऊस किती दिवस पडला, ते पाहावे लागेल. वलांडीवरचा बोंबील भिजला की तो हंगामच बुडतो. हवामान खात्याच्या अलिबाग केंद्राच्या रोजच्या पावसाच्या नोंदी त्यासाठी वापरता येतील. पण त्यातही फट आहे. ऑक्टोबरचा पाऊस खालापुरात कापलेल्या भातावरही पडतो आणि गिऱ्हाइकाचा खिसा हलका करतो. मग तो पाऊस नुसता पुरवठ्याचा राहिला का? या प्रश्नाशी जो विद्यार्थी आठवडाभर झगडेल त्याला उपयोजित अर्थशास्त्र आले असे मी मानतो. संगणकाने काढलेले गुणक नंतर बघू.

माहितीचा आणखी एक धागा केरळातून येतो. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल टप्प्याटप्प्याने पोचला. रॉबर्ट जेन्सन यांनी तिथल्या तारलीचे भाव आठवड्यामागून आठवडे नोंदवले. मोबाइल येण्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकली जाई आणि जवळच्याच दुसऱ्या बंदरावर ती मिळत नसे. मोबाइल आल्यावर भावांतली तफावत घटली आणि फेकाफेक जवळपास थांबली. आज जत्रेतल्या विक्रेतीच्या हातातही फोन असतो, मालाचे फोटो आधीच गटांवर फिरलेले असतात. तरी पुष्कळ बाया ठरलेल्या कोळणीकडेच जातात. फ्रान्समधल्या मार्सेच्या मासळीबाजारातही अशीच निष्ठा अ‍ॅलन किरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळली होती. वरवर पाहता हा तोटा. पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला ओला बोंबील बांधून दिला जात नाही, आणि ही हमी फोनवरच्या फोटोत नसते.

आतापर्यंत विकणाऱ्यांचे बोलणे झाले. घेणाऱ्याच्या खिशातला पैसा कुठून आला, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात, आणि त्याआधी भट्टीमालकाकडून उचल घेतात. ती हंगामाच्या मजुरीतून फिटते किंवा फिटत नाही. जत्रेत खर्च झालेले दोनशे रुपये उत्पन्न होते की पुढच्या सहा महिन्यांच्या श्रमाची आगाऊ विक्री? विक्रेतीच्या गल्ल्यात दोन्ही सारखेच दिसतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही तो खर्च उपभोग म्हणूनच मोजला जाईल. वेठबिगारीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. पण कर्ज आणि मजुरी एकाच माणसाच्या हातात असण्याचा पेच कायद्याने आपोआप सुटत नाही. हे शोधायचे तर जत्रेत प्रश्नावली घेऊन उभे राहू नये. वाडीवर जावे, तेही पावसाळ्यात, लोक घरी असताना. दिवाळीनंतर गेलेल्याला कुलपे भेटतील आणि तो 'प्रतिसाद मिळाला नाही' असे लिहील.

अशा कामाची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एका गावाची जमीन आणि मजुरी मोजून १९१७ साली पुस्तक काढले. आज तिथे उंच इमारती आहेत. १९२१ साली त्यांनी जातेगाव बुद्रुकचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या काळात, १९१८ साली, डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान आहे की मोठे, हे त्यावर लावलेल्या भांडवलाच्या आणि श्रमाच्या प्रमाणात ठरते, आणि जमिनीवरचा जादा भार उतरवायचा तर उद्योग हवेत, असे त्यांचे म्हणणे. तीनच वर्षांपूर्वी, १९१५ साली, खोपोलीच्या टाटा वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली होती. पुढे या भागात कागद आणि पोलादाचे कारखाने आले. आंबेडकरांचे विधान खालापुरात किती खरे ठरले, याचा हिशेब मांडण्याइतका चांगला विषय मला दुसरा दिसत नाही.

एका गावाच्या अभ्यासावरून देशाबद्दल काय सांगता येते, हा आक्षेप जुना आणि योग्य आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची पाहणी केली. त्याच संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून देशाच्या दारिद्र्याचा हिशेब दिला. दोन्ही लागते. पण क्रम महत्त्वाचा. वाटा कसा लावतात हे ज्याने पाहिले नाही, त्याने पाहणीतल्या 'मासळीवरील खर्च' या रकान्यावर फार भरवसा ठेवू नये.

राहिला पदवीचा स्वतःचा हिशेब. साजगावचा पदवीधर कलिन्याच्या मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जायचे म्हणाला तर खोपोली-कर्जत-कुर्ला लोकल आहे; पुण्याला गोखले संस्थेत जायचे तर घाट. शुल्क हा खर्चाचा छोटा भाग. मोठा भाग बुडालेल्या पगाराचा. खोपोलीच्या कारखान्यात त्याला महिना पंधरा हजार मिळाले असते असे धरले, तर दोन वर्षांचे ३,६०,००० रुपये. गॅरी बेकर म्हणतील, ही कौशल्यातली गुंतवणूक. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली वेगळीच शंका काढली : पदवी कौशल्य देत नसेल, फक्त मुलगा मुळातच हुशार आहे याची चिठ्ठी देत असेल. माझा कौल असा, की उतरवलेल्या आकड्यांवर केलेली पदवी चिठ्ठी होते आणि तराजू घेऊन केलेली पदवी गुंतवणूक होते. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा असो की बँकेतली नोकरी, मुलाखतीत हा फरक दहा मिनिटांत उघडा पडतो.

जत्रेला जाणार असाल तर दिवाळीच्या पाडव्यानंतर दहा दिवसांनी जा. एकादशीचा दिवस सोडू नका, पण नुसत्या त्या दिवसावर विसंबूही नका. शेवटच्या दोन दिवसांत उरलेला माल कोण कोणत्या भावाने उचलतो, तेही बघा. विक्रेतीला आधी विचारा, तिची बोहनी होऊ द्या, एक वाटा विकत घ्या आणि मगच तोला. तराजू घरून न्या.